शब्दांची पायरी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: इंग्रजीत 'रोज' आणि 'फ्लॉवर' यांच्या नात्याला हायपोनिमी म्हणतात. मग 'व्हील' आणि 'कार' यांचंही तेच नातं का?

उत्तर: नाही. 'अमुक हा तमुकाचा प्रकार आहे' असं म्हणून पाहा. गुलाब हा फुलाचा प्रकार. पण चाक हा गाडीचा प्रकार नव्हे, तो भाग. प्रकाराच्या नात्यात 'रोज' हा हायपोनिम (खास प्रकाराचा शब्द), 'फ्लॉवर' हा हायपरनिम (व्यापक शब्द). गुलाब आणले म्हणजे फुलं आणलीच. नकारात मात्र दिशा उलटते. फुलं आणली नाहीत, तर गुलाबही नाहीत. गुलाब आणले नाहीत, तरी शेवंती आणली असेल.

विद्यार्थी खरे अडखळतात ते व्याकरणात. 'चेअर' मोजता येते, पण तिचा हायपरनिम 'फर्निचर' मोजता येत नाही. म्हणून 'टू फर्निचर्स' चूक, 'टू पीसेस ऑफ फर्निचर' बरोबर. 'लगेज' आणि 'ज्वेलरी' यांचंही तसंच.

काही शब्द व्यापक आणि खास अशा दोन्ही पायऱ्यांवर उभे असतात: 'ड्रिंक' म्हणजे कुठलंही पेय, आणि नुसती दारूसुद्धा. (संदर्भाशिवाय हे सुटत नाही, कोशाला दोष देऊ नका.)

आणि पायऱ्या कायमच्या नसतात. जुन्या इंग्रजीत 'डिअर'चा पूर्वज कुठल्याही प्राण्यासाठी वापरत, आज तो फक्त हरणाचा. 'हाउंड' एके काळी कुठलाही कुत्रा होता, आता मुख्यतः शिकारी.