जुन्या वॅगन आरला पत्रे, स्पॉयलर लावून ॲव्हरेज वाढतं का?

तुमची २००५ ची वॅगन आर, टपावर कॅरिअर, दर शनिवारी पुणे–नाशिक. बंपरखाली पट्टी, गाडीखाली पत्रा आणि मागे स्पॉयलर लावला तर ॲव्हरेज वाढेल का, असं तुम्ही विचारलंय. थोडं वाढेल. पण काही लावायच्या आधी ते कॅरिअर उतरवा.

मी माझ्या २००३ च्या झेनवर दोन वर्षं हेच करतोय. सगळ्यात जास्त फरक कॅरिअर काढल्यावर पडला, हायवेला लिटरमागे जवळजवळ एक किलोमीटर. सामान न्यायचं असेल तेव्हा ते अर्ध्या तासात परत बसतं.

त्यानंतर ब्रेक. वीस वर्षांच्या गाडीला हवेइतकंच तिचं स्वतःचं चाक अडवतं. एकेक चाक जॅकवर उचला, गिअर न्यूट्रलला टाका आणि हाताने फिरवून बघा. (मागचं उचलताना हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून बाकी चाकांना दगड लावा.) माझं पुढचं डावं चाक अर्ध्या फेरीत थांबायचं. ब्रेकच्या कॅलिपरची (चाकातली चकती दाबून धरणाऱ्या भागाची) पिन गंजली होती. मेकॅनिकने साफ करून ग्रीस लावलं आणि गाडी उतारावर कधी नव्हे ती मोकळी सुटली. टायरमधली हवाही गाडी थंड असताना तपासा, दाराजवळच्या स्टिकरवरच्या आकड्याप्रमाणे.

आता हवेकडे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० ऐवजी १०० ने गेलात तर तो दीडपटीहून जास्त होतो. त्यामुळे शहरात ४० च्या वेगाला पत्रे लावून हाती काही लागत नाही, आणि हायवेला ८० धरून चालवलंत तर फुकटात बरंच मिळतं.

तरी हात लावायचाच असेल तर गाडीच्या पोटाला लावा. खाली इंजिनची बैठक, सस्पेन्शन, सायलेन्सरचा पाइप असं सगळं लोंबत असतं आणि हवा प्रत्येकाला धडकते. मी आधी बोर्डवाल्याकडची सनपॅक शीट (पोकळ प्लास्टिकची हलकी शीट) लावली. पहिल्याच पावसाळ्यात वर चिखल साचून ती रस्त्याला घासायला लागली. मग दुकानांच्या पाट्यांना वापरतात ती एसीपी शीट (ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिक) लावली, बंपरपासून पुढच्या चाकांपर्यंत. पाणी निघायला भोकं ठेवा, ऑइल काढायच्या नटाखाली खिडकी ठेवा, आणि सायलेन्सरच्या पाइपाजवळ शीट अजिबात नेऊ नका, ती वितळते.

पुढची जाळी झाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. थंड देशात ते चालतं. आपल्याकडे मे महिन्यात, एसी लावून घाट चढताना रेडिएटरला ती सगळी हवा लागते.

स्पॉयलर सोडून द्या. बाजारातले उंच स्पॉयलर दिसायला असतात, उलट हवा अडवतात. हवा मागून सहज सुटावी म्हणून मागची बॉडी लांबवायचा विचारही नको. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय की कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल चालत नाहीत. बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड आहे, आणि तुमच्या वयाच्या गाडीला पुन्हा पासिंगसाठी आरटीओसमोर उभं राहावंच लागतं.

एका वेळी एकच बदल करा आणि तीन फेऱ्या मोजा. दर वेळी तोच पंप, टाकी फुल्ल, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं (पहिला कट) की थांबायचं. पावसातली फेरी हिशोबात धरू नका, ओल्या रस्त्यावर ॲव्हरेज तसंही पडतं.