फायरवॉल लावताय? आधी परतीची वाट ठेवा

भाऊ, तुमच्या लिनक्स मशीनवर फायरवॉल (येणारी-जाणारी जोडणी नियमांनी अडवणारी भिंत) लावून त्रास देणारी नेटवर्कं, जमलं तर देशच्या देश अडवायला निघालात, छान. पण सुरुवातीला माणूस बहुतेक वेळा स्वतःलाच बाहेर कोंडतो. मीही कोंडलो होतो: मशीन खेड्यातल्या जिनिंगमध्ये, मी आर्वीत, वरून झड लागलेली. नियमाच्या एका चुकीच्या ओळीपायी चिखलातून गाडी काढावी लागली.

तूर्त एवढंच सांभाळा:

- चालू जोडण्या आणि तुमचा स्वतःचा आयपी पत्ता यांना वाट देणारे नियम सगळ्यात वर. ब्लॉकलिस्ट, म्हणजे अडवायच्या पत्त्यांची यादी, त्यांच्या खाली.
- नियम 'आयपीटेबल्स-अप्लाय' (iptables-apply) या कमांडनं लावा. ठरल्या वेळात तुम्ही 'हो' म्हटलं नाही, तर ते जुने नियम परत आणतं.
- नेटवरून उतरवलेली ब्लॉकलिस्ट डोळे झाकून भरू नका. लाइन गेली की फाइल अर्धीच येते, कधी यादीऐवजी एररचं पान येतं. ओळी मोजा, फारच कमी भरल्या तर कालचीच यादी राहू द्या. नवी यादी वेगळ्या आयपीसेटमध्ये (ipset, पत्त्यांचा संच) भरायची, मग जुन्या संचाशी अदलाबदल.

हो, फायरहोल (FireHOL) या प्रकल्पाची लेव्हल १ ही तयार ब्लॉकलिस्ट खासगी, म्हणजे घरच्या नेटवर्कमधले पत्तेही अडवते, १९२.१६८ वालेसुद्धा. घरच्या राउटरवर तशीच टाकली तर घरचंच नेट बसतं!

देशच्या देश अडवणं पुढं बघू. आधी स्पॅमहॉस (Spamhaus) या संस्थेची ड्रॉप (DROP) ही ब्लॉकलिस्ट एकटीच आठवडाभर चालवा.