फोक सिंगर म्हणजे लोकगायक का?

प्रश्न असा आलाय की बॉब डिलनवरच्या एका मराठी लेखात त्याला 'अमेरिकन लोकगायक' म्हटलंय, ते बरोबर आहे का, आणि तसं असेल तर फोक रॉकला (म्हणजे फोक गाणी इलेक्ट्रिक गिटार आणि बँडवर वाजवायच्या प्रकाराला) 'लोकरॉक' म्हणायचं का.

लोकरॉक नको बुवा. फोक रॉकच लिहा, सगळ्यांना कळतं.

लोकगायकाचं जरा बघायला लागेल. मराठीत लोकगीत म्हटलं की जात्यावरची ओवी, भलरी असलं काहीतरी डोळ्यासमोर येतं, म्हणजे कर्ता कोण ते माहीत नाही, पिढ्यानपिढ्या तोंडी चालत आलेलं. डिलन १९६१ मध्ये मिनेसोटाहून न्यूयॉर्कला आला तेव्हा ग्रीनिच व्हिलेजच्या कॅफेंमधून बरंचसं असलंच जुनं गायचा आणि १९६२ च्या त्याच्या पहिल्या अल्बममध्ये तेरापैकी फक्त दोन गाणी त्याची स्वतःची होती, त्यामुळे तेवढ्यापुरतं लोकगायक म्हणा, माझी हरकत नाही. पण १९६३ च्या दुसऱ्या अल्बमपासून गाणी बहुतेक त्याचीच, नावानिशी. 'ब्लोइंग इन द विंड'ची चाल गुलामगिरीच्या काळातल्या एका गाण्यावरून घेतलेली, शब्द मात्र त्याचे. आपल्याकडे हे काम शाहिराचं, ओळखीच्या चालीवर आजचा विषय बसवायचा आणि लोकांपुढे म्हणायचा, अण्णा भाऊंनी तेच केलं.

तरी तिकडे त्याला फोक सिंगरच म्हणत राहिले, कारण तिकडे तोवर फोकचा अर्थ गाणं कोणाचं यापेक्षा ते वाजतं कसं यावर आला होता: एकटा माणूस, साधी गिटार, गळ्यात अडकवलेला माउथ ऑर्गन. याचा पुरावा म्हणजे २५ जुलै १९६५ चा न्यूपोर्ट फोक फेस्टिव्हल. डिलन इलेक्ट्रिक गिटार आणि अख्खा बँड घेऊन स्टेजवर आला, तीन गाणी झाली, श्रोत्यांतल्या काहींनी हुर्यो उडवली, मग परत येऊन साध्या गिटारवर दोन गायला. (हुर्यो गिटारमुळे की खराब साउंडमुळे यावर अजून वाद घालतात लोक.) आता बघा, गाणी आधीही त्याचीच होती आणि त्या दिवशीही त्याचीच, त्यावर कोणाची तक्रार नव्हती, बोंब झाली ती गाणी वाजली कशी याबद्दल. पुढच्या वर्षी मँचेस्टरला तर प्रेक्षकांतून एक जण त्याला 'जुडास' (येशूला दगा देणारा शिष्य, म्हणजे गद्दार) म्हणून ओरडला!

फोक रॉक हे नावही १९६५ चंच, बर्ड्स या बँडने डिलनचं 'मिस्टर टॅम्बोरिन मॅन' इलेक्ट्रिक करून नंबर वनला नेलं त्या सुमाराला रुळलेलं.

म्हणून १९६५ नंतरच्या डिलनला 'फोक रॉक गायक-गीतकार' म्हणावं, २०१६ चं नोबेलही गीतलेखनालाच मिळालंय. आणि लोकगायकच पाहिजे असेल तर त्याच्या १९६७ च्या 'जॉन वेस्ली हार्डिंग' अल्बमचं कव्हर बघा, डिलनच्या दोन बाजूंना बंगालचे पूर्ण दास आणि लक्ष्मण दास हे बाऊल, म्हणजे तिकडचे फिरते भक्तिगायक, उभे आहेत, त्यांना हा शब्द बिनदिक्कत लावा.