तिसरी पंक्चर

प्रिय बाळा,

सोमवारी तुझा मेसेज आला, "काका, गाडी पंक्चर झालीय, आज जमणार नाही." महिन्यातली ही तिसरी पंक्चर. रागावून लिहीत नाही. तुझी गाडी आपल्या वर्कशॉपजवळ, उद्यमनगरच्या कोपऱ्यावर उभी होती आणि तू तिच्यावर हँडल घट्ट धरून बसला होतास. ते बघूनच मी हाक मारली नाही.

तुझ्या वयाचा असताना मी लेथ मशीनच्या प्रॅक्टिकल परीक्षेला गेलोच नाही. रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून राहिलो आणि घरी सांगितलं, पोटात दुखत होतं. सांगून झाल्यावर इतकं हायसं वाटलं की ते अजून आठवतं. सगळा घोळ त्या हायशा वाटण्यात आहे, बाळा. टाळलं की जीव भांड्यात पडतो आणि मन धरून बसतं की टाळलं म्हणूनच वाचलो. पुढच्या खेपेला भीती आणखी लवकर येते. पुढं पुढं तर मला त्या परीक्षेच्या जागेच्या फाटकावरून एसटीनं जातानाही घाम फुटायचा.

तुला कुणी कामचुकार म्हटलं तर मला राग येईल. छाती धडधडते, श्वास पुरत नाही, हे खरंच होतं. खोटी आहे ती फक्त पंक्चर. आणि ती सांगितली की पुढच्या भेटीत लक्षात ठेवावी लागते, नजर चुकवावी लागते. म्हणजे कामाची भीती होतीच, आता माझीही.

म्हणून पुढच्या वेळी सरळ लिही, "काका, भीती वाटतेय, अर्धा तास येतो." गिऱ्हाइकाशी बोलू नकोस. मायक्रोमीटर पुसून ठेव, त्यानं लेथवर घडवलेला जॉब मोज. धडधड वाढेल, तरी बसून राहा. ती चढते तशी उतरतेही, पण आपण आधीच उठून गेलो तर हे अंगाला कधी कळतच नाही. मग दुसऱ्या दिवशी पाऊण तास. लेथवर पहिल्याच फेरीत खोल कट घेतला की टूल तुटतं, हे तुला मीच शिकवलंय.

एकदा डॉक्टरांकडंही जाऊन ये. थायरॉइडनंही धडधडतं, ते तपासलेलं बरं. झोप उडाली असेल, घास उतरत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेट, मी सोबत येतो. रात्री फारच घाबरं झालं तर १४४१६ लाव. टेली-मानस ही सरकारनं २०२२ साली सुरू केलेली मोफत सेवा आहे, रात्रीही चालू असते आणि मराठीत बोलता येतं. औषध लागलं तर लागलं, त्यात लाजायचं काही नाही.

गुरुवारी कुणी गिऱ्हाईक यायचं नाहीये. साडेनऊला शटर उघडतो. दोन चहा सांगून ठेवतो. कोपऱ्यावर थांबायला लागलं तर थांब, फक्त फोन कर, मी तिथवर चालत येतो.

तुझा,
काका