“हे रडतच नाहीत, मॅडम”

“पोटचा पोरगा गेला, तरी यांच्या डोळ्यांत टिपूस नाही.” माणसं बदलतात, नाती बदलतात, पण अशा अर्थाचं वाक्य माझ्या रत्नागिरीतल्या समुपदेशनाच्या खोलीत महिन्यातून एकदा तरी ऐकू येतंच. म्हणून ही एक हकिगत सांगते, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून.

पावसच्या बाजूचं जोडपं, चाळीसेक हापूस कलमांची बाग. २४ वर्षांचा मुलगा दिवाळीच्या तोंडावर हायवेवर अपघातात गेला. बाईंचं माहेर जवळच, शिवाय बचतगटाच्या बायका रोज संध्याकाळी ओटीवर जमायच्या. बाई रडायच्या, मुलाचे किस्से सांगायच्या, पुन्हा रडायच्या. नवरा मात्र तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कोयती घेऊन बागेतलं गवत काढायला गेला. गावात कुजबुज सुरू झाली. बाईंनाही वाटू लागलं, या माणसाला काळीजच नाही.

माझी चूक आधी सांगते. पहिल्या तीन भेटी मी त्यांना बोलतं करायच्या मागे लागले होते. ते पंख्याकडे बघत “बरं आहे” म्हणायचे. ‘मनात साठवू नका, मोकळे व्हा’ हा सल्ला मीही त्यांच्या गळ्यात मारत होते.

चौथी भेट मार्चमध्ये झाली. मुलाचा विषय मी बाजूला ठेवला.

“बागेत काय चाललंय?”

“झेल्याची जाळी विणली नवी.” झेला म्हणजे आंबे उतरवायची, टोकाला जाळी असलेली काठी.

“आणि दांडा?”

“दांडा त्याचाच.” मग बराच वेळ काही नाही. “तो उंच होता. त्याच्या मापाचा आहे. मला आखूड पडतो.”

“लांब बांबू लावायचा की.”

“नको. क्रेट पालथा घालतो नि त्यावर उभा राहतो.”

बाईंनी मान वर केली. “रोज? एकटेच? अहो, पडाल की!”

त्यांनी फक्त हात हलवला. त्यानंतरची चार-पाच मिनिटं खोलीत कोणीच बोललं नाही, मीही नाही. इतक्या वर्षांच्या कामात गप्प बसणं मला जमलं असं ज्या मोजक्या वेळा वाटलं, त्यातली ही एक.

केनेथ डोका आणि टेरी मार्टिन या अभ्यासकांनी शोकाच्या धाटणींबद्दल लिहिलंय. कुणाचं दुःख डोळ्यांतून नि शब्दांतून वाहतं, कुणाचं हातांतून, आणि बरेचजण या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतात. मला हे पटतं ते पुस्तकापेक्षा त्या झेल्यामुळे. आधाराचंही तसंच. बाईंना ओटीवरचा गोतावळा तारून गेला, पण तोच गोतावळा नवऱ्याला नकोसा होता. त्यांचा आधार म्हणजे एक शाळासोबती, जो संध्याकाळी येऊन पेंढा घालत पेट्या भरायला हात लावायचा आणि जाताना “येतो” एवढंच म्हणायचा. मी बाईंना सांगितलं, त्याला चहा द्या, प्रश्न विचारू नका. नातेवाइकांनाही माझं हेच सांगणं असतं. तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं, खरी गरज तिसऱ्या-चौथ्या महिन्यात लागते. तेव्हा जा, आणि अबोल माणसाकडे जाताना उपदेशाऐवजी एखादं काम घेऊन जा.

गप्प आहे म्हणजे ठीकच आहे, असंही समजू नका. झोप-जेवण तुटलं, दारू वाढली, हातातलं काम सुटलं, वर्ष उलटूनही माणूस त्याच दिवसात अडकून राहिला तर मदत घ्या. ‘आता जगून काय करू’ असं तोंडून निघालं, तर एक दिवसही थांबू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

एप्रिलअखेर बाईंचा फोन आला. मागे पाचोळ्यावरून चालल्याचा आवाज येत होता.

“दांडा अजून तोच आहे हो. क्रेट हलतो, म्हणून आता मी धरते.”