विचारा बिनधास्त: टर्कीच्या शिकारीला ७०० डॉलरात सेमी-ऑटो कोणती?

प्रश्न: राम राम सर. मी अंबाजोगाईचा, नाव छापू नका. पोरगा अमेरिकेत, मिझुरी राज्यातल्या सेंट लुईसला सॉफ्टवेअरमध्ये आहे, एच-वन-बीवर. ऑफिसातला एक गोरा दोस्त त्याला एप्रिलात टर्की पक्ष्याच्या शिकारीला चल म्हणायलाय आणि आमचं लेकरू आता स्वतःची सेमी-ऑटोमॅटिक बंदूक घ्यायचीच म्हणून बसलंय, बजेट ७०० डॉलर. घरी आमच्या वडिलांच्या वेळची लायसनची बारा बोअर डबल बारी आहे, म्हणून मलाच विचारायलाय. मला सेमी-ऑटोतलं काय कळतंय? तुम्ही मिझुरीत राहून आलात, सांगा कोणती घ्यावी. स्वस्तातली फसवी तर नसते ना?

उत्तर: राम राम काका. बंदुकीचं नंतर बोलू, आधी व्हिसाचं, कारण ही गोष्ट दुकानदार सांगेलच असं नाही आणि दोस्ताला तर माहीतच नसते. एच-वन-बी हा नॉन-इमिग्रंट व्हिसा. त्याच्यावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं बंदूक काय, नुसतं काडतूससुद्धा जवळ बाळगायला मनाई आहे. मोजक्या सवलती आहेत, त्यातली आपल्या कामाची एक म्हणजे तिथल्या राज्याचं चालू हंटिंग लायसन. म्हणजे आधी लायसन, मग दुकान, उलटं नाही. मिझुरीत १ जानेवारी १९६७ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला लायसनच्या आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो, तो पोरानं करावाच, चांगला असतो. लायसनची मुदत संपली की सवलतही संपली आणि बंदूक मात्र कपाटात तशीच, हे लय जण विसरतात. दोस्ताची बंदूक हातात घेतली तरी नियम तोच. ग्रीन कार्ड होऊ घातलेलं असेल तर एकदा वकिलाला विचारून घ्या, ७०० डॉलरच्या हौसेपायी कागद अडकायला नकोत.

आता बंदूक. खरं सांगू का, टर्कीला सेमी-ऑटो, म्हणजे एक बार काढला की पुढचं काडतूस आपोआप भरणारी बंदूक, लागतच नाही. तासन् तास झाडाला पाठ लावून बसायचं, मादीचा आवाज काढायचा, नर आलाच तर एक बार, दुसऱ्याची वेळ येत नाही. मॅव्हरिक ८८ सारखी पंप बंदूक, म्हणजे दर बारानंतर नळीखालची मूठ हातानं मागं-पुढं ओढायची तसली, २५०-३०० डॉलरात मिळते आणि पिढ्यान् पिढ्या चालते. मी पोराला आधी हेच म्हणेन. पण तो ऐकणार नाही हे मला माहीत आहे, मीपण नव्हतो ऐकलं. सेमी-ऑटोचा खरा फायदा एकच, धक्का कमी. टर्कीची काडतुसं जड असतात, खांदा सुजतो, आणि खांद्याला भ्यालेला माणूस घोडा ओढताना डोळे मिटतो.

सेमी-ऑटोत दोन जाती. एक गॅसवाली, काडतुसाचा थोडा गॅस नळीतून घेऊन पिस्टन ढकलते, धक्का मऊ पण आत काजळी धरते, पुसत राहावं लागतं. दुसरी इनर्शियावाली, आत एक दणकट स्प्रिंग असते, बंदूक मागं उसळली की त्या जोरावर बोल्ट, म्हणजे काडतुसाला मागून बंद करणारा लोखंडी तुकडा, फिरतो, स्वच्छ राहते, हलकी असते पण खांद्याला जास्त लागते. माझी पहिली इनर्शियाचीच होती, कंपनीचं नाव सांगत नाही. एका पहाटे अंधारात आवाज होऊ नये म्हणून मी बोल्ट हातानं धरून हळूच पुढं नेला, सोडायला पाहिजे होता तसा सोडला नाही. तासाभरानं नर आला, काका, पिसारा फुलवून, पंख जमिनीला घासत, आपल्या नायगावच्या अभयारण्यातला मोर आठवावा असा, तीस पावलांवर. घोडा ओढला तर नुसतं टिक. बोल्ट शेवटचा केसभर फिरलाच नव्हता, लॉक झाला नव्हता. त्या टिकनं पाखरू गेलं ते गेलंच. इनर्शियाचा हा जुना रोग आहे, तिकडं सगळ्यांना माहीत, मला कुणी सांगितलं नव्हतं. बोल्ट खाडकन सोडायचा, आवाज झाला तर झाला, नंतर वरचा हँडल पुढं दाबून खात्री करायची.

म्हणून पोराला गॅसवालीच सांगा. ७०० च्या आत ट्रायस्टारची व्हायपर जी-टू आहे, मॉसबर्गची एसए-२० आहे. इनर्शियात स्टोगर एम ३००० साधारण त्याच भावात. ह्या तिन्ही तुर्कस्तानात बनतात, स्वस्ताईचं कारणही तेच. तिकडं कोन्या भागात ह्युग्लू नावाचं गाव आहे, आपल्या पैठणला जसे माग तशा तिथं पिढ्यान् पिढ्या बंदुका. फसवी नाही म्हणणार मी, पण नगाला नग सारखा नसतो. शंभर-दीडशे काडतुसं उडवेपर्यंत हलकी काडतुसं अडकू शकतात, त्यात घाबरायचं नाही. कंपनीनं गंज धरू नये म्हणून लावलेलं चिकट तेल आधी पुसून काढायचं, अर्ध्या तक्रारी तिथंच मिटतात. बेरेटा ए ३०० घेतली तर प्रश्नच नाही पण ती हजाराच्या घरात जाते, बजेट मोडू नका.

बारा बोअर की वीस? (बोअरचा आकडा मोठा तितकी नळी बारीक.) तुमच्या घरची बारा आहे म्हणून तो बाराच मागेल. माझं मत वीस. पाव-अर्धा किलो हलकी, आणि आता टंगस्टनचे छर्रे आलेत, टीएसएस म्हणतात. शिशाची घनता ११ च्या आसपास, ह्यांची १८, म्हणून ९ नंबरचा बारीक छर्रासुद्धा लांबवर ताकद धरतो आणि एका काडतुसात भरपूर बसतात. महाग आहे, एक काडतूस दहा डॉलरच्या आसपास, पण सीझनला लागतात किती, दोन-तीन. सरावाला साधी स्वस्त काडतुसं. साडेतीन इंची चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसायच्या जागेच्या, मागं लागू नये, तीन इंची बास झालं. नळी २४-२६ इंची, रंग चकाकणारा नको. टर्कीला वास फारसा येत नाही पण नजर असली की पापणी हलली तरी पाखरू उडतं.

पैसा खरा इथं घाला: फुल किंवा एक्स्ट्रा-फुल टर्की चोक (नळीच्या तोंडात बसवायचा, छर्रे फार पसरू न देणारा तुकडा) आणि कागदावरची चाचणी. ४० यार्डांवर, म्हणजे साधारण ३६ मीटरवर, मोठा कागद लावायचा, मधोमध १० इंची वर्तुळ, एक बार काढायचा आणि वर्तुळातले छर्रे मोजायचे. शंभरच्या आसपास भरले तर झालं, कारण नेम डोक्या-मानेवर असतो, अंगावर नाही. कमी भरले तर काडतूस बदला, नाहीतर पुढं जायचं, ३० वर यायचं, आणि तेवढ्याच अंतरावर मारायचं. स्वस्त बंदुकीत कधी कधी छर्ऱ्यांचा सगळा झपाटा माशीच्या, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेच्या, अर्धा हात डावीकडं किंवा वर जातो. हे कागद सांगतो, जाहिरात सांगत नाही. तसं निघालं तर वर छोटं रेड-डॉट, म्हणजे लाल ठिपक्यानं नेम धरायचं भिंग, बसवता येतं, म्हणून घेतानाच बघावं की वर भोकं पाडलेली आहेत का. आणि बंदुकीत मॅगझिन-चेंबर मिळून तीनच काडतुसं बसतील असा लाकडी प्लग असतो, मिझुरीत टर्कीला तो लागतोच, काढून फेकू नये.

एक राहिलं, कपडे. लाल, पांढरा, निळा रंग अंगावर नको, रुमालसुद्धा नको, नराचं डोकं ह्याच रंगांचं असतं आणि झुडपातून दुसऱ्या शिकाऱ्याला तेवढंच दिसतं. आवाज आला म्हणून आवाजाकडं रांगत जायचं नाही, तो आवाज पाखराचा नसून दुसऱ्या माणसाचा असू शकतो. बसताना खांद्यापेक्षा रुंद झाड बघून पाठ लावावी.

प्रश्न: टर्की पक्षी तुर्कस्तानचा का? आमच्या उदगीरकडं एकजण पाळायलाय. (एक वाचक भगिनी, उदगीर)

उत्तर: नाही ताई, पक्षी अस्सल अमेरिकेचा, नावाचाच घोळ. इंग्रजांना तो तुर्की व्यापाऱ्यांचा वाटला, फ्रेंचांनी त्याला भारताचा ठरवलं, आणि गंमत म्हणजे खुद्द तुर्कस्तानात त्याला 'हिंदी' म्हणतात. आपल्याकडं तो १६१२ मध्ये जहांगीर बादशहापुढं आला, मुकर्रब खानानं गोव्याहून नेला होता, आणि उस्ताद मन्सूरनं त्याचं चित्र काढलं. त्याच सुमाराला इकडं खडकीत, म्हणजे आजच्या संभाजीनगरात, मलिक अंबर जहांगीराच्या फौजांना पळवत होता, पण त्याचं चित्र बादशहानं वेगळ्याच रागानं काढून घेतलं, ते पुढं कधीतरी.

प्रश्न: रानडुकरांनी सोयाबीन पार उलथून टाकलं. पीक संरक्षणाचं लायसन आहे, असल्या छऱ्याच्या बंदुकीनं काम होईल का? (एक शेतकरी, किनवट)

उत्तर: नाही दादा, दोन कारणांनी. पीक संरक्षणाचं लायसन हे बंदुकीचं लायसन, शिकारीचं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वन खात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय डुकराला हात लावला तर केस तुमच्यावर. आणि टर्कीचा छर्रा डुकराच्या कातडीत नुसता रुततो, मरत नाही, जखमी डुक्कर सरळ अंगावर येतं. आधी नुकसानीचे फोटो काढा, वनरक्षकाला बोलवून पंचनामा करून घ्या, भरपाईचा अर्ज नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत टाका आणि परवानगीचाही अर्ज त्याच्यासोबतच द्या, पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून उठू नका.