आकडा जुळत नाही, हात तुटलाय आणि व्हिडिओ अर्धाच आहे

प्रश्न: ऑनलाइन विक्रेत्याकडून मी मर्यादित आवृत्तीतला एक पुतळा घेतला, ड्रॅगनवर बसलेली योद्धी. पार्सल आल्यावर दोन दिवसांनी उघडलं. तलवारीचा हात मनगटात तुटलेला होता. बॉक्सवर आणि प्रमाणपत्रावर 218 हा क्रमांक आहे, बेसखाली मात्र 281. चेहऱ्याचं रंगकामही जाहिरातीतल्या फोटोसारखं नाही. व्हिडिओ केला, पण बाहेरचं खोकं कापून झाल्यावर. विक्रेता म्हणतो, सलग व्हिडिओ नाही तर क्लेम नाही, उघडलेला माल परत नाही. फार तर नवा हात पाठवतो. मीच हात चिकटवून टाकू का? पुढे किंमत वाढेल म्हणूनच तर घेतला होता.

उत्तर: चिकटवू नका. मालविक्री कायदा, 1930 च्या कलम 42 प्रमाणे, माल अजून विक्रेत्याचाच आहे या स्थितीशी विसंगत असं काही तुम्ही केलंत, तर तुम्ही तो स्वीकारला असं धरलं जातं. तुटलेला हात डिंक लावून बसवणं हे त्यातच मोडेल. एकदा माल स्वीकारला की सहसा तो परत करून पूर्ण पैसे मागता येत नाहीत, नुकसानभरपाईपुरतं भांडावं लागतं. नकार कळवल्याशिवाय माल वाजवी मुदतीपलीकडे ठेवून घेतला तरी तोच परिणाम होतो. म्हणून ‘मी हा माल नाकारत आहे’ असं स्पष्ट वाक्य असलेला ईमेल आजच पाठवा. नाकारलेला माल स्वखर्चाने परत पोचवायची सक्ती तुमच्यावर नाही. वेगळं काही ठरलं नसेल तर नकार कळवणं पुरतं, असं कलम 43 सांगतं.

‘उघडलेला माल परत नाही’ या उत्तराने घाबरू नका. आधी न पाहिलेला माल तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत खरेदीदाराने तो स्वीकारला असं मानत नाहीत, हे कलम 41 मध्ये आहे. फोममध्ये बंद असलेला पुतळा उघडल्याशिवाय कसा तपासणार? शिवाय ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे सदोष किंवा जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळा माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही.

तुमच्या पत्रात हात आणि व्हिडिओ यांना चार ओळी आहेत, क्रमांकाला एक. मी हे उलट करीन. हात कधी तुटला यावर विक्रेता वाद घालू शकतो: कुरियरकडे, तुमच्याकडे, उघडताना. 218 आणि 281 यावर काय वाद घालणार? बेसवरचा आकडा वाहतुकीत बदलत नाही. मर्यादित आवृत्तीत क्रमांक हा वस्तूच्या वर्णनाचाच भाग असतो, आणि वर्णनाबरहुकूम माल देणं ही कलम 15 प्रमाणे विक्रीची अट आहे. त्यासाठी व्हिडिओही लागत नाही. बेस, बॉक्स आणि प्रमाणपत्र यांचे स्पष्ट फोटो पुरेत. मात्र ‘नकली माल दिला’ असं लिहू नका. कारखान्यात आकड्यांची अदलाबदल झाली असेल, किंवा दुसऱ्या कोणाचा परत आलेला पुतळा तुमच्या बॉक्समध्ये गेला असेल. नकली म्हणालात की ते सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं, आणि तुम्हाला त्याची गरज नाही.

हाताचंही तपासून ठेवा. असे पुतळे बहुधा पॉलिस्टोनचे असतात, म्हणजे दगडाची पूड मिसळलेल्या रेझिनचे. जड आणि ठिसूळ, मनगट, तलवारीचं टोक, पंखाची कड अशा बारीक जागी मोडणारं. तुटलेल्या जागी आत रंग किंवा गोंद दिसला, तर तो हात तुमच्याकडे येण्याआधीच एकदा तुटून जोडला गेला होता. तुटका तुकडा फोमच्या खोबणीत होता का बॉक्समध्ये सुटा फिरत होता, हेही टिपून ठेवा. फोम आणि दोन्ही खोकी टाकू नका, कितीही जागा अडवली तरी.

रंगकामाचा मुद्दा मागे ठेवा. हाताने रंगवलेल्या वस्तूत थोडा फरक असतो, आणि ‘फोटो नमुन्याचा आहे, प्रत्यक्ष माल वेगळा असू शकतो’ अशी ओळ विक्रेत्याच्या पानावर बहुधा सापडेल. नमुन्याशी जुळलं तरी वर्णनाशीही जुळावं लागतं, हे खरं. पण चेहरा ‘बिघडलेला’ आहे हे पटवणं कठीण, आणि कमकुवत मुद्दा पुढे केला की चांगलाही फिका पडतो.

आता अर्धा व्हिडिओ. सलग व्हिडिओ हवाच असा कोणताही कायदा नाही. ती विक्रेत्याची स्वतःची अट आहे. आहे तो व्हिडिओ न कापता मूळ फोनमध्येच ठेवा. तक्रार दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र सोबत जोडा. सलग व्हिडिओची अट ‘अनुचित करार’ आहे असं जिल्हा ग्राहक आयोगात मांडू नका, ते वाद राज्य आयोगाकडे जातात. जिल्ह्यात सदोष माल आणि अनुचित व्यापारी प्रथा एवढंच धरा. बिलात मुदत दिलेली नसेल तर सदोष माल 30 दिवसांत परत न घेणं ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये अशा प्रथांमध्येच मोडतं.

तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याबद्दल मात्र सावध करतो. पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी हेतूने घेणारा ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक नसतो. संग्रहासाठी एक पुतळा घेणाऱ्याने ‘किंमत वाढेल’ म्हटलं म्हणून तो व्यापारी ठरत नाही, पण समोरचा वकील ते वाक्य नक्की उचलेल. तुम्ही खरोखर असे पुतळे घेऊन विकत असाल, तर मला आधी सांगा. मग मार्ग दिवाणी दाव्याचा असेल.

पहिला ईमेल विक्रेत्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला जाऊ द्या. त्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाली काढायचं असतं. मधल्या काळात 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. दाद मिळाली नाही तर ई-जागृती पोर्टलवरून तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे.

मागणी बदली किंवा पूर्ण परतावा अशी ठेवा. बदली पुतळा मिळाला तर बेस, बॉक्स आणि प्रमाणपत्र या तिन्हींवर एकच क्रमांक हवा, हे लेखी मागा. आवृत्ती संपली असेल तर परतावाच. विक्रेत्याने तरीही नुसता हात पाठवलाच, तर तो बसवू नका. ‘क्रमांकाबद्दलचे सर्व हक्क राखून’ एवढं कळवून पाकीट न फोडता ठेवून द्या.